नेतृत्व शिकवायचं, तर मुलांच्या हाती आधी एक खरा प्रश्न द्या

शाळेत नेतृत्वाचे तास बहुधा भाषणाच्या अंगाने जातात. थोरांची चरित्रं सांगितली जातात, ‘आदर्श नेता’ यावर निबंध लिहून घेतला जातो. प्रश्न सोडवण्याचं कौशल्य मात्र गणित-विज्ञानाच्या तासाकडे सोपवलेलं असतं. ही फारकतच चुकीची आहे. कोणताही प्रश्न सोडवताना मोजमाप कोणाचं घेतलं, मत कोणाला विचारलं, उपायाची झळ कोणाला बसणार, अशा प्रत्येक टप्प्यावर न्याय-अन्यायाचा निर्णय होतच असतो. मुलांना तो दिसत नाही, कारण कोणी तिथे थांबून दाखवत नाही. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच कामातून शिकवाव्यात.

पुढचा आराखडा १३ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आठवड्याला ४५ मिनिटांचा एक तास, असे १२ आठवडे. ४० मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाच जणांचे आठ गट पाडावेत. सहा जणांच्या गटात एक जण हमखास गप्प बसतो, आणि तिघांच्या गटात भूमिका पुरत नाहीत.

सुरुवात मुख्याध्यापकांच्या खोलीत

मुलांना खोटा अधिकार देऊ नका. ‘तुम्ही ठरवा’ म्हणायचं आणि शेवटी मोठ्यांनी हवं तेच करायचं, हे एकदा घडलं की पुढचे सगळे तास वाया जातात. म्हणून पहिल्या तासाआधीच मुख्याध्यापकांकडून एका कागदावर तीन गोष्टी लेखी घ्या: मुलं स्वतः काय बदलू शकतात, कशासाठी परवानगी मागावी लागेल, आणि कशाला हात लावायचा नाही. पैसे मिळणार नसतील तर तसं स्पष्ट लिहा. छोटा पण खरा अधिकार पुरतो. हा कागद वर्गात सगळ्यांना दिसेल असा लावा.

प्रश्नाची निवडही याच वेळी करून ठेवावी. तीन-चार प्रश्न हाताशी असावेत. त्यांतला एक वर्ग निवडेल. चांगला प्रश्न डोळ्यांनी पाहून मोजता येतो, महिन्याभरात त्यात काहीतरी फरक पडू शकतो, आणि त्यात दोन गटांचं हित खरोखर एकमेकांना छेद देतं. सुट्टीत नळापाशी होणारी रेटारेटी, मैदानाच्या वेळेवरून मोठ्या-धाकट्यांत होणारे वाद, ग्रंथालयातली न परतलेली पुस्तकं, मालक न सापडलेल्या वस्तूंचा ढीग, हे सगळे चालतील. ‘प्रदूषण’ चालणार नाही, ते मुलांच्या आवाक्याबाहेर आहे. ज्या प्रश्नाचं बोट कोणा एका मुलाकडे जातं, उदाहरणार्थ वर्गातली विशिष्ट दादागिरी, तोही घेऊ नका. तो मोठ्यांनी, बंद दाराआड हाताळायचा विषय आहे.

पहिले दोन आठवडे: पेच

आधी मुलांना विचार करून कारण द्यायची सवय लावायची. त्यासाठी एक पेचप्रसंग लागतो. तो १२० ते १५० शब्दांचा असावा, त्यात निर्णय एकाच व्यक्तीला घ्यायचा असावा, आणि दोन्ही बाजूंना काहीतरी खरोखर चांगलं असावं. चोरी करावी की नाही, हा पेच नव्हे. हा पाहा: गटाच्या प्रकल्पात ५० घरांची पाहणी करायची होती. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी गटप्रमुख मुलीला कळतं की एका सोबत्याने त्याच्या वाट्याच्या १० घरांचे आकडे मनाने भरले आहेत. घरी आजारपण असल्याने त्याला वेळच मिळाला नव्हता. बाकीच्या तिघांनी मेहनत केली आहे आणि त्यांना काहीच ठाऊक नाही. तिने काय करावं?

तासाची वाटणी अशी. पाच मिनिटं वाचन आणि शंका. चार मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, निर्णय आणि एक कारण वहीत लिहायचं. ही चार मिनिटं गाळू नका. ती गाळली की वर्ग पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे जातो. मग हात वर करून मोजणी. जवळजवळ सगळे एकाच बाजूला असतील तर प्रसंग थोडा वाकवा: आकडे १० ऐवजी दोनच घरांचे असते तर? त्या पाहणीवरून शाळा खर्चाचा निर्णय घेणार असती तर? त्यानंतर १० मिनिटं गटात कारणांची क्रमवारी, २० मिनिटं सगळ्या वर्गाची चर्चा, आणि उरलेल्या वेळात पुन्हा एकट्याने लेखन: आता माझा निर्णय काय, आणि कोणत्या कारणामुळे तो बदलला किंवा पक्का झाला?

चर्चेत शिक्षकाने चार प्रश्न आलटून पालटून विचारावेत. नुकसान कोणाचं होतंय? सगळ्यांनी असंच केलं तर काय होईल? तू त्याच्या जागी असतास तर हे मान्य केलं असतंस का? ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्यासमोर हे कारण बोलून दाखवता येईल का? स्वतःचं मत मात्र राखून ठेवावं. शिक्षकाचं मत कळलं की मुलं विचार थांबवून त्या मताच्या बाजूने कारणं गोळा करतात. ‘ते परिस्थितीवर अवलंबून आहे’ हे उत्तर आलं तर सोडून देऊ नका, ‘नेमकं कशावर?’ असं विचारा.

प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास करून दाखवलं, की शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब होतात, एरवी गप्प असलेली मुलंही बोलू लागतात. सांगायला सोपं, करायला कठीण. शांतता शिक्षकालाच आधी असह्य होते.

एवढ्याने वागणं बदलतं असं मात्र समजू नये. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅट्सन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रवचन द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस विव्हळत पडलेला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. त्यातल्या काहींच्या प्रवचनाचा विषय तर वाटेतल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट हाच होता. चांगुलपणाचं ज्ञान घाईत मागे पडतं, म्हणूनच हे शिकवणं वहीपुरतं ठेवून भागत नाही. खरं काम, खरी मुदत आणि खरा ताण हवा.

गटातल्या पाच भूमिका

तिसऱ्या आठवड्यात वर्ग प्रश्न निवडतो आणि गट कामाला लागतात. प्रत्येक गटात पाच भूमिका असतात आणि त्या दर आठवड्याला फिरतात. समन्वयक चर्चा चालवतो आणि स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी सांगतो. नोंदकर्ता ठरलेलं आणि न पटलेलं, दोन्ही लिहितो. वेळपालाचं काम त्याच्या नावातच आहे. चौथा शंकेखोर: प्रत्येक निर्णयाविरुद्ध किमान एक ठोस हरकत घेणं हे त्याचं कर्तव्य. पाचवी भूमिका सगळ्यांत महत्त्वाची, गैरहजरांचा प्रतिनिधी. जे या खोलीत नाहीत पण ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार आहे, त्यांच्या वतीने तो बोलतो. अंदाजाने बोलायचं नाही. आधी त्यांतल्या किमान तिघांना भेटून यायचं.

भूमिका न फिरवता ‘ज्याला जमतं त्याला’ दिल्या, तर दोन आठवड्यांत समन्वयकपद वर्गातल्या मोठ्या आवाजाच्या मुलाकडे जातं आणि नोंदवही सुवाच्य अक्षराच्या मुलीकडे. चिठ्ठी टाकून क्रम लावा आणि तो मोडू देऊ नका.

गट कसा चाललाय हे तपासायची एक सोपी रीत आहे. पाच मिनिटं समन्वयकाला बाजूला बोलावून घ्या आणि गटाकडे लक्ष ठेवा. कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी १९३९ मध्ये मुलांच्या मंडळांवर केलेल्या प्रयोगात, हुकूम सोडणारा नेता खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, आणि सगळ्यांना विचारून चालणारा नेता गेला तरी काम बरंचसं तसंच चालू राहायचं. तुमच्या गटात काम थांबलं, तर समन्वयकाने कामं वाटलेली नाहीत, फक्त सूचना दिल्या आहेत.

मोजमाप, आणि त्यात लपलेला अन्याय

चौथ्या-पाचव्या आठवड्यात उपायाचा शब्द काढायचा नाही. फक्त पाहायचं आणि मोजायचं. मुलांना हे नकोसं होतं, पण सगळ्यांत मोठं शिक्षण इथेच आहे. नळाचं उदाहरण आकड्यांसह घेऊ.

समजा शाळेत ३०० मुलं आहेत, २०० मोठी आणि १०० लहान. नळ सहा, सुट्टी २० मिनिटांची. गटाने मोजलं की एकाला पाणी प्यायला २० सेकंद लागतात. म्हणजे एका नळावर मिनिटाला तिघं, सहा नळांवर १८, आणि २० मिनिटांत ३६०. नळ पुरेसे दिसतात, तरी लहान मुलं तहानलेलीच वर्गात परततात. गट चटकन उपाय सांगतो: दोन नळ लहानांसाठी राखून ठेवू. दोन नळांवर २० मिनिटांत १२० जण, लहान तर १००च. कागदावर चोख.

इथे शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा: हे २० सेकंद कोणाला पाहून मोजले? बहुधा उत्तर येतं, आमच्याच वर्गातल्यांना. मग गटाला लहानांची वेळ मोजायला पाठवा. समजा त्यांना ३० सेकंद लागतात. आता दोन नळांवर मिनिटाला चौघं, २० मिनिटांत ८०. म्हणजे २० लहान मुलं पाण्यावाचून राहणार, आणि वर त्यांना बाकीच्या नळांवर जायलाही मज्जाव झालेला. तीन नळ राखले तर लहानांचं १२० पर्यंत भागतं, पण मोठ्यांच्या वाट्याच्या तीन नळांवर १८० जणांचीच सोय होते, आणि ती आहेत २००. भलं करायला निघालेला उपाय कोणाचं तरी नुकसान करतो, आणि त्याचं मूळ मोजमापात कोणाला धरलं नाही यात असतं. हे मुलांनी स्वतःच्या आकडेमोडीतून शोधलं पाहिजे. आधी सांगून टाकू नका.

सहाव्या आठवड्यात कारणांचा माग. ‘का?’ हा प्रश्न लागोपाठ चार-पाच वेळा विचारायचा. ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यांतून जगभर गेली. रेटारेटी का होते? रांग हळू सरकते. का? लहानांना वेळ लागतो. का? नळ उंच आहेत, ती टाचा उंचावून पाणी घेतात, अर्धं सांडतं. आता उपाय बदलला: नळाखाली पक्की पायरी. लहानांनाही २० सेकंद पुरले तर ३०० मुलांना मिळून ६००० सेकंद लागतील. सहा नळांचे मिळून ७२०० उपलब्ध आहेत. राखीव नळांची गरजच उरत नाही.

या पद्धतीत एक धोका आहे. मुलं दोन ‘का’ झाले की माणसापाशी थांबतात: ‘मोठी मुलं दांडगाई करतात म्हणून’, ‘शिपाई लक्ष देत नाहीत म्हणून’. नियम घालून द्या, की उत्तरात माणसाचं नाव किंवा दोष आला तर पुढचा प्रश्न ‘कोणत्या व्यवस्थेमुळे हे शक्य होतं?’ असा विचारायचा. दोष कुणाचाच नसतो असं नाही. पण गुन्हेगार सापडला की मुलं शोध थांबवतात.

उपाय सुचवणं आणि निवडणं

सातवा आठवडा. गोल बसून एकदम कल्पना ओरडण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण ती कमकुवत आहे. येल विद्यापीठातल्या १९५८ च्या प्रयोगात एकेकट्याने विचार केलेल्या चौघांच्या एकत्र केलेल्या कल्पना, एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत माणूस विसरतो, लाजतो किंवा ऐकलेल्याच वाटेने जातो. म्हणून आधी सहा मिनिटं मुकाट लेखन, प्रत्येकी किमान चार कल्पना. मग एकेक करून वाचन, मधे शेरा नाही. मग चर्चा.

निवडीसाठी फळ्यावर तक्ता करा. आडव्या ओळीत उपाय, उभ्या रांगेत झळ बसू शकणारे सगळे: लहान, मोठी, सफाई कर्मचारी, सुट्टीत देखरेख करणारे शिक्षक, चाकाच्या खुर्चीवरून येणारा विद्यार्थी. प्रत्येक चौकटीत ‘काय मिळतं, काय जातं’ हे दोन-तीन शब्दांत लिहा. पायरीचा उपाय नेमका इथे अडखळतो, कारण चाकाची खुर्ची पायरीमुळे नळापर्यंत पोचत नाही. एक नळ पायरीविना आणि मोकळा ठेवावा लागतो. ओल्या जागी पायरी घसरणार नाही ना, हे मोठ्या माणसाने तपासल्याशिवाय ती बसवायची नाही. बहुमताने निर्णय घेण्याआधी तक्त्यातली प्रत्येक ‘जातं’ची चौकट मोठ्याने वाचायला लावा. ज्यांचं जातं ते सहसा मतदानात नसतात.

‘मला हे पटत नाही’ म्हणण्याचा सराव

आठवा आणि नववा आठवडा यासाठी राखावा, आणि वेळ कमी पडला तर दुसरं काहीही कापा, हे कापू नका. सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या प्रयोगात साध्या रेघांच्या लांबीबद्दल आधीच पढवून बसवलेले सगळे जण मुद्दाम चूक उत्तर देत, आणि हे ठाऊक नसलेला एकटा खरा सहभागी साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे जाई. पण एकाने जरी वेगळं उत्तर दिलं, की हे प्रमाण झपाट्याने खाली येई. वर्गात यातून एक ठोस कौशल्य शिकवता येतं: दुसऱ्याने हरकत घेतली की पाठोपाठ ‘मलाही तीच शंका आहे’ असं म्हणणं. पहिला विरोध करायला धैर्य लागतं, दुसरा व्हायला सरावाने जमतं.

खरा प्रसंग म्हणून चॅलेंजर अंतराळयानाचा निर्णय घ्या. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी, अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायकोल कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितलं की थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या नीट बसत नाहीत. साधारण १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण करू नये. रात्री तर पारा गोठणबिंदूखाली जाणार होता. गोष्ट इथेच थांबवा आणि गटांना १० मिनिटांत निर्णय घ्यायला सांगा. घड्याळ दाखवत राहा. मग पुढचं सांगा: वरिष्ठांपैकी एकाला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगण्यात आलं, शिफारस फिरवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात जण गेले. दुसऱ्या तासाला आकड्यांकडे या. त्या रात्री लक्ष आधीच्या ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती त्यांच्यावर राहिलं. इजा न झालेली उड्डाणं सोबत मांडली असती तर तापमानाचा संबंध स्पष्ट दिसला असता, हे चौकशी आयोगाने नंतर दाखवलं. आपल्या नळाच्या मोजमापात लहान मुलं सुटली होती, हे बहुतेक वर्गांत कोणीतरी आपणहून म्हणतं. म्हटलं नाही, तर विचारा.

सरावासाठी जोड्या करा. एक जण घाई करणारा प्रमुख, दुसरा हरकत घेणारा. वाक्याला तीन भाग हवेत: मी काय पाहिलं, त्यातून कोणाला धोका आहे, मी काय मागतो. ‘मी मंगळवारी मोजलं, घंटेच्या वेळी १४ लहान मुलं रांगेत होती, आज हे जाहीर केलं तर आपण खोटं सांगू, मला उद्याची एक मोजणी हवी.’ प्रमुखाने दोनदा उडवून लावायचं आणि हरकत घेणाऱ्याने आवाज न चढवता तिसऱ्यांदा तेच मांडायचं.

प्रयोग आणि अहवाल

दहाव्या आठवड्यात शाळेचे सलग पाच दिवस उपाय वापरून पाहायचा; अकराव्यात दुरुस्ती करून आणखी पाच. मोजणी आधी केली त्याच वेळी, त्याच पद्धतीने: घंटा वाजताना रांगेत उरलेली मुलं, लहान वेगळी, मोठी वेगळी. यश कशाला म्हणायचं ते सुरुवातीलाच लिहून शिक्षकांकडे द्यावं. उदाहरणार्थ, उरलेल्या लहानांची संख्या निम्म्यावर आली तर उपाय चालू. मोठ्यांची वाढली तर बंद. निकाल पाहून निकष बदलायचा मोह मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो.

सुरू करण्याआधी १० मिनिटांचा एक व्यायाम घ्या, तो मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मांडला आहे: ‘समजा आपला प्रयोग पूर्ण फसलाय. का फसला ते लिहा.’ सरळ ‘काय चुकू शकेल?’ विचारलं की मुलं शिष्टाचार म्हणून गप्प राहतात. फसलंच आहे असं धरलं की लेखण्या चालतात.

शेवटच्या तासाला प्रत्येक गट पाच मिनिटं मांडणी करेल, ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांतले दोघं-तिघं समोर बसलेले असताना. मुख्याध्यापकांनी तिथेच किंवा ठरल्या तारखेला लेखी उत्तर द्यावं, होकार असो वा कारणासह नकार.

गुण द्यायचे कशाला

प्रामाणिकपणाला गुण देऊ नका. मुलं तो सादर करायला शिकतात. वहीत दिसेल त्यालाच गुण. २० पैकी वाटणी अशी जमते: मोजमाप आणि प्रश्नाची मांडणी ६, झळ बसणाऱ्यांचा तक्ता ५, मत का बदललं किंवा का टिकलं याची कारणं ४, प्रयोगाचा अहवाल ५. फसलेल्या प्रयोगाचा खरा अहवाल आणि यशस्वी प्रयोगाचा अहवाल यांना सारखेच गुण मिळतात, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर दहाव्या आठवड्यात आकडे मनाने भरले जातील, आणि पहिल्या आठवड्यातला पेच तुमच्याच वर्गात उभा राहील.

बिघडतं तेव्हा

उत्साही वर्ग पाहता पाहता पोलीस बनतो: रांग मोडणाऱ्यांची नावं लिहिणं, दंड ठरवणं. ते लगेच थांबवा. अधिकार व्यवस्था बदलण्यापुरता आहे, माणसांवर नाही. एखादा गट काम एकावरच ढकलत असेल तर गुण कापून उपयोग होत नाही. कामाचे पाच वेगळे तुकडे करा, ज्यांतला एक नसला तर अहवाल अपुरा राहील. पेचाच्या चर्चेत कोणी स्वतःवर होत असलेल्या त्रासाबद्दल बोलू लागलं, तर वर्गात ते पुढे नेऊ नका, तासानंतर एकट्याशी बोला, आणि ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असं वचन कधीही देऊ नका. शाळेच्या बालसुरक्षा नियमाप्रमाणे ते योग्य व्यक्तीपर्यंत पोचवावंच लागतं. मुख्याध्यापकांनी मध्येच परवानगी मागे घेतली, तर ते मुलांपासून लपवू नका. त्यांच्याकडून कारण लिहून घ्या आणि उरलेला वेळ ‘नकारानंतर काय मागता येईल’ यावर द्या: लहान व्याप्ती, कमी दिवस, किंवा पुढच्या सत्रातली तारीख.